लिफ्टमिस्त्रींचे दहा प्रश्न

लिफ्टमिस्त्रींचे गुडघे गेले तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. एकतीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून गुडघ्यांनीच राजीनामा दिला. कंपनीने त्यांना काढलं नाही, खुर्ची दिली. मिस्त्रींना ते काढण्यापेक्षा वाईट वाटलं. वर साहेबांचा हुकूम आला, "तीन महिन्यांत कम्प्युटर शिका."

भाची प्रोग्रॅमिंग शिकवायची. रविवारी सकाळी तिने मामाला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडली.

"चित्रंबित्रं काहीच नाहीत?"

"इथे फक्त अक्षरं, मामा. पहिला सराव सोपा आहे. प्रोग्रॅम प्रश्न विचारणार, माणूस उत्तर टाइप करणार. बरोबर आलं तर एक गुण."

तिच्या नमुन्यात देशांच्या राजधान्या होत्या. मिस्त्रींनी त्या पुसल्या आणि लिफ्टवरचे स्वतःचे दहा प्रश्न घातले. तीन रविवार त्यात गेले. एखादं अवतरणचिन्ह राहिलं की प्रोग्रॅम रुसून बसे, आणि मिस्त्री त्याला अशा काही शिव्या घालत की भाचीला मध्येच तहान लागे.

पहिली परीक्षा बायकोने दिली. प्रश्न होता : लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आहे, आत माणूस आहे. सगळ्यात आधी काय कराल?

बायकोने लिहिलं, "त्याच्याशी बोलेन."

खिडकी म्हणाली, "चूक. बरोबर उत्तर : आतल्या माणसाशी बोलायचं."

"माझं बरोबर असलं तरी चूक, हे या घरात रोजचंच आहे," बायको म्हणाली. "आता त्यासाठी मशीनसुद्धा आणलंत?"

भाची हसून हसून वाकली. मग तिने समजावलं, की प्रोग्रॅमला अर्थ कळत नाही, तो नुसती अक्षरं जुळवून बघतो. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय द्यायचे आणि फक्त आकडा मागायचा. मिस्त्रींनी दहाही प्रश्न पुन्हा लिहिले. बायकोला नऊ गुण पडले. लिफ्टला कुठलं तेल लावायचं, हा प्रश्न तिने कसा सोडवला ते विचारल्यावर ती म्हणाली, "माझ्या सगळ्या टॉवेलांना तेच तर लागलेलं असतं."

ऑफिसात तीन नवे इंजिनिअर होते. त्यांना दाखवायचं ठरलं, तर साहेबच खुर्ची ओढून पुढे बसले. टाय इतका आवळलेला, की मेंदूपर्यंत रक्त जेमतेम पोचत असावं. पहिल्याच प्रश्नाला त्यांनी दाबलं दोन : मुख्य स्विच बंद करायचा.

"चूक."

"चूक कसं? पुस्तकात हेच लिहिलंय!"

"स्विच बंद करायचाच आहे, साहेब. पण आधी हाक मारायची. माझं पहिलं वर्ष होतं. मी आधी स्विचकडे पळालो. आतल्या बाईला वाटलं, कोणी आलंच नाही. तिने दार उचकटून उघडलं आणि खालच्या मजल्यावर उडी टाकली."

"मग?" एका इंजिनिअर मुलीने विचारलं.

"पाय मोडला. तोल मागे गेला असता तर सरळ खड्ड्यात. मी चार मिनिटं आधी तिला नुसतं म्हणालो असतो ना, की बाई, बसून राहा, मी आलोय..."

ही गोष्ट त्यांनी ऑफिसात कधीच कुणाला सांगितली नव्हती. साहेबांनी पुढचे प्रश्न सोडवले. दहापैकी चार. तिघे इंजिनिअर एकाएकी आपापल्या बुटांचा अभ्यास करू लागले.

सोमवारी नियम निघाला : दहापैकी दहा मिळाल्याशिवाय कुणीही साइटवर जायचं नाही. नोटिशीवर प्रोग्रॅमची संकल्पना साहेबांची असल्याचं छापलं होतं.

"आणि तुम्ही गप्प बसलात?" बायको कडाडली.

"अगं, त्यांना दहा मिळवायला पाच वेळा बसावं लागलं. सगळ्या ऑफिसने बघितलंय. कागदावर काय ते लिहू दे त्यांना."

सध्या मिस्त्री लिफ्टच्या दारांबद्दल नवे प्रश्न लिहितायत. ती इंजिनिअर मुलगी जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसते आणि त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढते. मिस्त्री म्हणतात, "लिफ्टला वेलांटी लागत नाही." ती गेली की दुरुस्त करतात.