आठ सुपाऱ्यांचा जर्मन

आमच्या नगरात पियानो सुपाऱ्यांवर मोजायचे. बाकीच्या जगात कशावर मोजतात ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची गरज कधी पडली नाही. चुन्याच्या डबीचं झाकण पट्टीच्या टोकावर उलटं ठेवायचं, त्यात अख्ख्या सुपाऱ्या एकेक करून टाकायच्या आणि कितव्या सुपारीला पट्टी खाली बसते ते बघायचं. चौथ्या सुपारीला बसली तर पियानोचा हात मऊ. सहाव्याला बसली तर ताठ. त्यापुढं गेली तर वाजवणाऱ्यानं आधी महिनाभर तालमीत जाऊन यावं.

ही रीत माझ्या चाचांची. चाचा म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. कापड बाजाराच्या मागच्या अंगाला आमचं बाजाच्या पेट्यांचं दुकान होतं. भजनी मंडळांच्या, कव्वालांच्या, तमाशाच्या फडांच्या पेट्या आमच्याकडं सूर लावायला यायच्या. चाचांचा कान असा, की रस्त्यानं सायकल गेली आणि घंटी वाजली, की ते हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "काळी दोन. जरा उतरलीय." एकदा तर त्यांनी एका पोस्टमनला थांबवून त्याची घंटी कानशीनं घासून सुरात आणून दिली. तेव्हापासून त्या पोस्टमनची पत्रं लोक आनंदानं घ्यायचे, मग आत मयताची खबर का असेना.

पियानो आमच्या गळ्यात पडला तो लढाईमुळं. कॅम्पातल्या साहेबलोकांचे पियानो लावायला दरसाल मुंबईहून एक माणूस यायचा. लढाई लागली आणि तो यायचा बंद झाला. मग एका मेमसाहेबांचा बटलर विचारत विचारत आमच्या दुकानी आला. सूर म्हणजे सूर, तो पेटीत असो की कपाटात, असं म्हणून चाचा मला घेऊन निघाले. बंगल्यात गेलो, पियानोची खालची फळी काढली आणि चाचांनी आत डोकं घालून पहिला प्रश्न विचारला, "ह्याचा भाता कुठं हाय?"

भाता नव्हता. नुसत्या तारा, हातोड्या आणि लोकरीचा नमदा. चाचांनी एक पट्टी दाबून धरली. सूर निघाला आणि हळूहळू विझला. त्यांनी पुन्हा दाबली, जोर लावून धरली. सूर पुन्हा विझला.

"दम न्हाई ह्याला," ते म्हणाले. "आजारी हाय."

पियानोचा सूर मुळातच विझणारा असतो, हे आमच्या ध्यानात यायला चार बंगले आणि चार मेमसाहेबांचा संताप लागला. पण त्या चुकीतून चाचांची दुसरी रीत निघाली: दमाची. पट्टी दाबून धरायची आणि सूर पुरता विझेपर्यंत वाट बघायची. म्हणजे सुपारीवर हात आणि दमावर गळा. ह्या दोन मापांनी आम्ही कॅम्पातले सगळे उभे पियानो तोलून ठेवले होते. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी सांगितलं असतं.

त्यातले दोन मला अजून आठवतात. जुन्या दोस्तांसारखे, खोडींसकट.

एक इंग्रजी. डॉक्टरसाहेबाच्या बंगल्यातला, अंगानं लहान, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. हात इतका मऊ, की चौथी सुपारी पडायच्या आत तिच्या सावलीनंच पट्टी बसायची. आवाज मधाळ, उन्हाळ्यातल्या माठासारखा थंडगार. पण नगरची हवा पडली कोरडी. लाकूड आक्रसून तारांच्या खुंट्या ढिल्या झालेल्या. सकाळी लावावा तर संध्याकाळच्या चहापर्यंत उतरलेला. आत ओल राहावी म्हणून मेमसाहेब पियानोच्या पोटात पाण्याचं भांडं ठेवायच्या. त्यात एक बेडूक राहायला आला होता आणि सूर उतरला की तोच आधी सांगायचा. आम्ही त्याला काढला नाही. त्याचा कान बरा होता.

दुसरा जर्मन. तो क्लबात. शिसवी रंगाचा, कपाटाएवढा, पुढं मेणबत्त्यांचे पितळी हात. आत अखंड लोखंडाची चौकट, खुंट्या अशा घट्ट की उन्हाळा-पावसाळा जाऊ दे, सूर जागचा हलायचा नाही. आणि दम. त्याचा सगळ्यात खालचा सूर क्लबाच्या बटलरला दाबून धरायला सांगून मी एकदा सायकलवर केडगावला एक पेटी पोचवून आलो. परत आलो तर सूर अजून चालूच होता, बटलर मात्र झोपला होता. खोटं वाटत असेल तर केडगावात विचारा. तिथं कुणाला आठवत नसेल, ही गोष्ट वेगळी.

पण हात. जर्मनाचा हात म्हणजे आठ सुपाऱ्या. वाजवायला बसावं तर विहिरीवरचा रहाट ओढल्यासारखं वाटायचं.

मग राज्य जायची वेळ आली. साहेबलोक पलंग, कपाटं, कुत्री, जे मिळेल ते विकून निघाले. आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावरच्या चर्चमधला पायानं हाणायचा बाजा त्याच सुमारास उंदरांनी खाऊन संपवला होता. तेव्हा पाळकसाहेब दुकानी आले. म्हणाले, हे दोन पियानो मिळताहेत, चर्चच्या मंडळीला एकच घ्यायचाय, कुठला घ्यावा ते तुम्ही तोलून सांगा. बरोबर बाई होत्या.

बाई गेली वीस-बावीस वर्षं दर रविवारी तो बाजा वाजवत होत्या. शाळेतली नोकरी संपलेली, मागंपुढं कुणी नाही, एक खोली आणि अंगणात दोन कोंबड्या. आठवड्याचे सहा दिवस त्या सातव्या दिवसाची तयारी करायच्या. मी चाचांबरोबर हाफ चड्डीत बाजा दुरुस्त करायला जायचो तेव्हापासून त्या मला ओळखत. माझं लग्न होऊन दोन पोरं झाली, तरी त्यांच्या लेखी मी चड्डीतच होतो.

"नवीन मास्तर आलेत ना शाळेत, त्यांचा हात फार चांगला आहे," पाळकसाहेब जाता जाता सहज म्हणाले. "बाईंना पियानो नाही झेपला तर चिंता नाही."

बाईंनी पदर तेवढा सारखा केला.

आधी इंग्रजी पाहिला. बाई बसल्या आणि त्यांनी एक गीत वाजवलं. असं वाजवलं, की पाळकसाहेबांसारख्या बिनकानाच्या माणसानंही टोपी काढली. मग क्लबात गेलो. जर्मनासमोर बाई बसल्या, तेच गीत धरलं. खालचे सूर दणदणीत. पण वरची चाल नुसती दिसत होती, ऐकू येत नव्हती. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं पट्टीवर जायची, पट्टी अर्धी दबायची आणि हातोडी तारेपर्यंत न पोचता माघारी यायची. मी बोटांकडं नीट पाहिलं. सांधे सुजलेले, आल्याच्या गड्ड्यासारखे.

पाळकसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाई उठल्या, हात पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे. हाच घ्या."

बाहेर पायरीवर मी त्यांना गाठलं.

"बाई, इंग्रजी घ्या म्हणा की. तुमचं ऐकतील ते."

"आणि का म्हणून विचारलं तर?"

"हाताचं सांगा."

"हाताचं सांगितलं की बाकावर मास्तर बसला," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि तो इंग्रजी सूर धरत नाही, हे तुझे चाचाच म्हणालेत. माझ्या दोन बोटांपायी सगळ्या मंडळीनं बेसूर गायचं होय रे?"

मी चाचांकडं गेलो. म्हटलं, तुम्ही इंग्रजीचं नाव सांगा, काम भागतंय.

"सूर खोटा सांगायचा न्हाई," चाचा म्हणाले. "जर्मन चांगला, म्हणजे जर्मन चांगला. हाताचं बाई बघून घेतील."

त्यांना बोटांचं मी सांगितलं नाही. बाईंनी पायरीवर सांगितलेलं दुकानात आणणं मला बरं दिसेना.

जर्मन बैलगाडीतून निघाला. भिंगारच्या रस्त्यानं गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की आतून सगळ्या तारा एकदम बोलायच्या. गाव ओलांडेपर्यंत मागं चाळीस कुत्री, एक नवरदेवाची वरात आणि आमची मिरवणूक आहे असं समजून नमस्कार करणारे दोन म्हातारे. नाताळाला पंधरा दिवस होते. तोवर साफसफाईसाठी तो दुकानात ठेवायचा ठरला. आणि माझ्या नशिबानं चाचांना शेवगावच्या एका भजनी मंडळानं सगळ्या पेट्या लावायला आठ दिवसांसाठी बोलावून नेलं.

मी जर्मनाच्या पट्ट्या उपसून धूळ काढायला बसलो. तेव्हा दिसलं, की प्रत्येक पट्टीच्या अंगात, मधल्या आधाराच्या पुढं, शिशाचा एक टिकला ठोकलेला आहे. तो कशासाठी असेल ह्याचा विचार करत मी दोन कप चहा प्यायलो. पट्टी म्हणजे पोरांची घसरगुंडी नव्हे, झुलती फळी. पुढच्या बाजूला वजन असलं की ती खाली यायला तयारच असते, बोटानं नुसती आठवण करून द्यायची. म्हणजे पुढं शिसं वाढवलं की सुपाऱ्या कमी.

शिसं नगरात तेव्हा मातीमोल. चांदमारीच्या टेकाडात गोऱ्यांनी वर्षानुवर्षं गोळ्या मारून ठेवलेल्या. लोक टोपल्यांनी वेचून भंगारवाल्याला घालायचे. मी एक पिशवी आणली, घरच्या चुलीवर वितळवली, वाटाण्याएवढ्या चकत्या ओतल्या आणि गिरमिटानं पट्ट्यांना भोकं पाडून त्या ठोकायला लागलो. हुरूप असा, की एका दुपारी मधल्या वीस पट्ट्या उरकल्या. बसवून बघतो तर वीसच्या वीस माना खाली घालून गप्प, जणू मास्तरांनी एकदम रागावलंय. शिसं जास्त झालं होतं. पट्टी खाली जायची ती परत वर यायलाच तयार नव्हती. मग पुन्हा उपसा, पुन्हा चकती काढा, पुन्हा झाकण, पुन्हा सुपाऱ्या.

बायको जेवणाचा डबा घेऊन आली तर मी एका हातात सुपारी धरून पट्टीकडं टक लावून बसलेलो.

"कुणासाठी चाललंय एवढं?" तिनं विचारलं.

सांगितलं. ती खाली बसली, झाकण हातात धरलं, एक सुपारी टाकली.

"पंधरा वर्षं वाटण वाटते मी," ती म्हणाली. "माझा वरवंटा न्हाई कधी हलका केलात."

पण रोज दुपारी येत राहिली. पंच्याऐंशी पट्ट्या होत्या. शेवटची चौथ्या सुपारीला बसली तेव्हा शेवगावची मोटार स्टँडवर लागली असेल-नसेल. सुपाऱ्या मी पुसून चाचांच्या पानाच्या डब्यात होत्या तशा ठेवल्या. माझ्या आयुष्यात शिस्तीनं केलेलं ते एकमेव काम.

नाताळाच्या सकाळी चर्च भरून गेलं. चाचा आणि मी मागच्या दाराशी उभे. नवे मास्तर पहिल्याच ओळीत, बोटं मोडत, तयारीत. बाई बाकावर बसल्या. हात पट्ट्यांवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. लोक खोकून गप्प झाले तरी त्या वाजवेनात. पाळकसाहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर अर्धे उठले.

आणि बाईंचं शेवटचं बोट वरच्या सुरावर पडलं.

तो सूर मी अजून ऐकतो. त्यानं छताची कौलं उडाली आणि सावेडीच्या मळ्यांतली पाखरं उठली, असं मी पुढं कैक वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे तसं काही झालं नाही. सूर साधाच होता, स्वच्छ, एकटा. बाईंचं बोट तिथंच थांबलं, जसं आपण उंबऱ्यावर थांबतो. मग बाकीचे सूर आले, मास्तर खाली बसले, आणि मंडळी गायला उठली.

सगळे गेल्यावर बाईंनी मला हाक मारली.

"अरे, हा जर्मन बराच मवाळ झाला की."

"लढाई हरलाय ना, बाई," मी म्हटलं. "आता नरमणारच."

त्या हसल्या नाहीत. उजवा हात पुढं करून त्यांनी ती दोन बोटं माझ्या मनगटावर क्षणभर ठेवली. वजन म्हणाल तर चार सुपाऱ्यांचं, जास्त नाही.

एवढ्यात मागून चाचा आले. खिशातून चुन्याच्या डबीचं झाकण काढलं, पट्टीवर ठेवलं, एकेक सुपारी सोडली. एक, दोन, तीन. चौथीला पट्टी बसली. चाचांनी दुसरी पट्टी पाहिली, तिसरी पाहिली. मग बाईंच्या हाताकडं पाहिलं, बराच वेळ. मग माझ्याकडं.

"आठ दिस मी शेवगावला गेल्तो," ते म्हणाले. "तेवढ्यात चार सुपाऱ्या कुणी खाल्ल्या?"

मी जर्मनाच्या पितळी हातांकडं बघत राहिलो. बाई पायाखालच्या फरशीकडं.

"आवाज तर तोच हाय," चाचा स्वतःशीच म्हणाले. त्यांनी अडकित्ता काढला, बाकाच्या कडेवर बसले आणि त्या चारातली एक सुपारी कातरली. बारीक, अगदी बारीक, एरवी कुणासाठी कातरायचे नाहीत तशी. आधी बाईंपुढं तळहात धरला. बाईंनी त्याच दोन बोटांनी चिमूट उचलली. मग उरलेली माझ्या हातावर ठेवून चाचा म्हणाले, "खा. माप मोडलंस, आता खा."