पुरणपोळीसारखं गोल पत्रक

माझी सून पंचायतीला उभी राहिली, तेव्हा मुलानं बारामतीहून जाडजूड पुस्तकं आणली. भाषण कसं ठोकावं, पुढारी कसं व्हावं, बोलताना हात कुठं ठेवावेत. सून दुपारी वाचायला घ्यायची आणि त्यावरच डोकं टेकून झोपायची. पण निवडून यायची तिला खरंच निकड होती. आमच्या वस्तीला धड रस्ता नाही. पावसाळ्यात शाळेची गाडी फाट्यावरच थांबते आणि लेकरं चिखल तुडवत येतात.

मी म्हटलं, "ठेव ती बाजूला. उमेदवारानं वाचायचं ते माझ्याकडं हाय."

आणि माळ्यावरनं लग्नपत्रिकांची पिशवी काढली. हसू नका. मी शाळेत फार गेले नाही, अक्षरं जुळवायला शिकले ती पत्रिकांवरच. गावाचं राजकारण त्यात असतं तसं पेपरात नसतं. निमंत्रकांत कोण वर, कोण खाली, कुणाला 'समस्त ग्रामस्थ' मध्ये ढकललं. आणि ज्याचं नाव खाली, नाहीतर नावच नाही, ते घर रुसलेलं. तिथं आधी जायचं.

सुनेनं सगळं तोंडपाठ केलं. पहिली गेली ती वरच्या आळीच्या आबांकडं. पदर सावरून म्हणाली, "आबा, डाळज गावच्या लग्नात तुमचं नाव धाकट्या भावाच्या खाली छापलं. मला लई वाईट वाटलं."

आबा ते कधीच विसरले होते. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "खाली? कुठं खाली? दाव!"

तिनं पत्रिका दाखवली. आबा तसेच उठून धाकट्याच्या दारात. संध्याकाळी दोघंही आमच्या ओट्यावर.

"मत तुलाच देतो पोरी, पण तुझ्या प्रचाराच्या पत्रकात माझं नाव वर पायजे."

"ह्याचं वर आलं तर मी मताला येतच न्हाय!"

मग काय, घरटी माणूस नाव द्यायला आला. एक तात्या म्हणाले, "मला संकल्पक टाका."

"कशाचे, तात्या?"

"ते तुमी बघा."

शेवटी इंदापूरच्या छापखानेवाल्यानं तोड काढली. सगळी नावं गोल छापली, पुरणपोळीसारखी. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. मधोमध सुनेचा फोटो. जो तो पत्रक फिरवून आपलं नाव वर धरायचा, त्यामुळं निम्म्या गावात माझी सून डोक्यावर उभी.

मीही पत्रक फिरवलं. परत फिरवलं. माझं नावच नाही!

मतदानाच्या दिवशी मी बसून राहिले. सून आली. "आत्या, चला की."

"मी कोण? समस्त ग्रामस्थ."

"घरच्यांचं नाव कोण टाकतं?"

"लग्नात टाकतात." मग चपला शोधत म्हटलं, "चहा आण आधी."

चहा पिऊन गेले. शाळेच्या वळणावर पत्रकातले सगळे निमंत्रक फेटे बांधून उभे, दोघं भाऊ पुढं. "या वैनी, या!" करत हात जोडत होते. मागनं एक म्हातारी विचारत होती, जेवणं कुठं हायेत.

सून निवडून आली. आता रस्त्याचं काम निघालंय, उद्घाटनाची पाटी करायचीय. आबा आणि धाकटे परत ओट्यावर येऊन बसलेत. मी मुलाला सांगितलंय, पाटी गोलच कर, आणि मधी माझं नाव टाक.