वस्फियाने न प्यालेली कॉफी

जॉर्डनमधल्या करक गावच्या वरच्या आळीतली वस्फिया तोंडाने फटकळ, हाताने सढळ. सत्तावीस वर्षं तिने लोकांच्या लग्नाचे झगे शिवले, आणि कुणाचं पोट सुटलं की तेही तोंडावर सांगितलं. नवऱ्यापुढे मात्र तिची डाळ शिजेना. तो, अबू समीह, बैठकीत बसला की सिगारेट पेटलीच, आणि पाहुणा टेकतोय तोच त्याच्यापुढे पाकीट. पाकीट पुढे केलं नाही तर अब्रू जाते ना! आणि इकडे दीड वर्षाच्या मयारला, त्यांच्या नातीला, धड श्वास घेता येईना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, घरातला धूर थांबवा, नाहीतर पोरीला पुन्हा ऑक्सिजन लावावा लागेल.

"खिडकी उघडतो की मी!" अबू समीह म्हणे. डोंबलाची खिडकी!

एका शुक्रवारी तिघे दोस्त जमले होते. वस्फियाने बाहेर जायचा काळा झगा चढवला, मागच्या दाराने निघून पुढचं दार ठोठावलं आणि पाहुण्यांच्या गादीवर ताठ बसली.

"अगं, हे काय सोंग?" अबू समीह हसला, पण रीत म्हणून त्याने कॉफी ओतून दिली. तिने कप घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

मुलगी मागायला किंवा भांडण मिटवायला आलेले वडीलधारे असा कप ठेवतात. शब्द मिळाल्याशिवाय ओठाला लावत नाहीत, आणि कप तसाच राहिला तर घरधन्याचं नाक कापलं जातं. पण घरच्याच बायकोने?

"बोल बाई," तो म्हणाला.

"या छपराखाली सिगारेट नको. कुणाचीच नको. पोरीचा जीव जाईल हो!"

"मग पाहुण्यांना काय हाकलून देऊ?"

त्यावर सगळ्यात म्हाताऱ्या हाजी झियाबने आपला कप खाली ठेवला. "माझाही ठेवला बघ." उरलेल्या दोघांनीही ठेवले.

"हरामखोरांनो, माझीच कॉफी पिऊन माझ्यावरच उलटता!" अबू समीहने सिगारेट चिरडली. "पी गं, निवतेय. दिला शब्द."

पुढच्या शुक्रवारी चौघे अंगणात, बोचऱ्या वाऱ्यात, कुडकुडत धूर सोडत बसले. दार उघडं दिसताच मयार हात पसरून आजोबांकडे दुडदुडत आली. अबू समीह दचकून मागे सरला.

"थांब गं राणी, जवळ येऊ नकोस! आधी कोट काढतो, हात धुतो, मग घेतो तुला."

हे काही वस्फियाने मागितलं नव्हतं.