हत्तीच्या सोंडेवरचा हात

मी मनात धरून ठेवणारी बाई आहे. आमच्या गुरगावच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

दिल्लीतल्या एका छोट्या संग्रहालयाने बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचे सण नोंदवायचं ठरवलं होतं. घरोघरीचे जुने फोटो आणायचे, ऑनलाइन ज्ञानकोशात ते कसे चढवायचे हे तिथल्या मुलींकडून शिकायचं आणि लेख आपणच लिहायचा. तो ज्ञानकोश सगळ्यांना खुला, त्यात कुणीही लिहावं. पहिल्या रविवारनंतर मराठी मंडळाच्या ग्रुपवर भोंडल्याचा लेख आला. त्यात माजी अध्यक्षीणबाईंचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, लक्ष्मीबाई नगरात भोंडला सुरू करणाऱ्या त्या याच.

भोंडला माझ्या आईने सुरू केला. बाबांची दिल्लीला बदली होऊन आम्ही लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो, त्याच नवरात्रात तिने हिरवळीवर पाट मांडला, त्यावर रांगोळीचा हत्ती काढला आणि शेजारच्या तमिळ, बंगाली मुलींनाही फेरात ओढलं. या बाई पुढच्या वर्षी राहायला आल्या. मग त्यांनी मंडळ काढलं आणि आईला तिच्याच भोंडल्याला पाहुणी म्हणून बोलवायला लागल्या. आम्ही गुरगावला फ्लॅट घेतला, बाबा गेले, आणि ते बोलावणंही थांबलं. आई कधी काही बोलली नाही. मला मात्र तेव्हापासून त्या बाईंचा राग होता.

फोटो मोठा करून पाहिला. बाई पाटाशी बसल्या होत्या, समोर हत्ती, आणि कडेला, सोंडेवर, कोपरापासून तुटलेला एक हात. चिमटीत रांगोळी, मनगटात तांब्याचं कडं. ते कडं आई अजूनही घालते. बाईंनी तिला कापून टाकलं होतं. हातही गेला असता, पण मग सोंड गेली असती.

तो फोटो बाबांनी काढला होता आणि त्याच्या प्रती कॉलनीभर वाटल्या होत्या. आमची प्रत कपाटातून काढून नीट पाहिली आणि मला हसू फुटलं. पुढच्या रविवारी मी संग्रहालयात पहिल्या रांगेत बसले.

त्या ज्ञानकोशात फोटो चढवताना तो कुणी काढला ते सांगावं लागतं. बाईंनी 'मी स्वतः' यावर खूण केली होती. ते मी संग्रहालयातल्या मुलीच्या लक्षात आणून दिलं. तिने बाईंना विचारलं, "आंटी, आप तो खुद फोटो में हैं. खींचा किसने?"

"हमारे मिस्टर ने," बाई म्हणाल्या. शेजारी बसलेल्या मिस्टरांनी मान डोलावली.

मी माझा फोटो पुढे केला. तो पडद्यावर अख्खा दिसला. पाटावर ओणवी झालेली आई, आणि तिच्या मागे खिरापतीचा डबा घेऊन थेट कॅमेऱ्याकडे बघत उभे असलेले मिस्टर.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई म्हणाल्या, "अगं, इतक्या वर्षांनी लक्षात राहतं का कुणाच्या?"

"नाही ना काकू. म्हणून तर फोटो काढून ठेवतात."

मी तो अख्खा फोटो लेखात त्यांच्या फोटोशेजारी चढवला, खाली आईचं नाव घातलं, फोटो काढणारे म्हणून बाबांचं घातलं. मिस्टर चष्मा पुसत होते, ते मी पोटभर पाहून घेतलं.

घरी आईला मोबाइलवर फोटो दाखवला. मला वाटलं, ती मला रागावेल, म्हणेल, कशाला गं म्हातारपणी त्यांना दुखवलंस. तिने चष्मा लावला, बाबांच्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तिचं तोंड कसं झालं होतं?"

मी करून दाखवलं. तिने परत करायला लावलं.

"आता तो तिचा कापलेला फोटो काढून टाकायला सांगू का?" मी विचारलं.

"मुळीच नाही," आई म्हणाली. "राहू दे माझ्या शेजारी."