सोडियम म्हणजे मीठ नव्हे

बाई उजव्या हाताची मूठ वर्गासमोर धरायच्या आणि एकच बोट बाहेर काढायच्या. "हा सोडियमचा अणू. आत सगळं व्यवस्थित. बाहेर हा एकच इलेक्ट्रॉन, आणि तोही त्याला नकोसा झालाय." मग डावी मूठ पुढे यायची. "हा क्लोरीन. याला नेमका एकच कमी पडतोय. एकाला द्यायचाय, एकाला हवाय. पत्रिका बघावी लागत नाही." नववीची मुलं हसायची. बाई हसायच्या नाहीत.

अशा एक बाई तुमच्याही शाळेत असतील. आमच्या नारायण पेठेतल्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी मराठी. घरं एकाच गल्लीत, त्यामुळे जाणं-येणं बरोबर. आता त्या पुण्यात नसतात, मुलीकडे बेंगळुरूला असतात.

सोडियम आणि मीठ यांत कुणी घोटाळा केलेला त्यांना खपायचा नाही. एक पाण्यात पडलं की पेट घेणारं मूलद्रव्य, दुसरं आमटीत घालायचं संयुग. "सोडियम म्हणजे मीठ नव्हे," हे त्यांचं पालुपद. खेळाचे सर एकदा स्टाफरूममध्ये म्हणाले, "बाई, डॉक्टरांनी मला सोडियम कमी खायला सांगितलंय." बाईंनी वह्यांवरून मान वर केली नाही. "एकदा खाऊनच बघा. परत डॉक्टरांकडे जायला लागायचं नाही."

बाईंचे यजमान मात्र मिस्कील. बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी बाईंची वाट बघत दारातल्या खुर्चीत बसायचे आणि आम्ही दिसलो की विचारायचे, "काय, आज कुणाचा स्फोट?"

परवाच्या उन्हाळ्यात, वार्षिक परीक्षा चालू असताना, बाई घरी पोचल्या तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "या, बसा. आपण कोणाकडे आलात?"

बाईंना वाटलं, नेहमीची थट्टा. "पुरे झालं," म्हणून त्या आत गेल्या. ते मागोमाग आले आणि त्यांनी बाईंसाठी अदबीने खुर्ची पुढे ओढली. मग बाईंनी मला फोन केला.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन आला. "काकू, काकांचं सोडियम फार खाली गेलंय. सोडियम म्हणजे, आपलं मीठ असतं ना, तेच."

मी बाईंकडे बघितलं. आता काहीतरी येणार, असं मला वाटलं. बाई सलाईनच्या थेंबांकडे बघत होत्या. "मग आता काय करायचं, डॉक्टर?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या विचारण्याने मी खरी घाबरले.

करण्यासारखं फारसं नव्हतं. एकदम वाढवलं तर मेंदूला इजा होते, म्हणून सोडियम हळूहळूच वाढवायचं. पुढच्या तपासण्यांत फुप्फुसात गाठ निघाली. त्या गाठीपायी शरीर पाणी बाहेर सोडत नव्हतं, म्हणून रक्त पातळ होत होतं. गाठीचं ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपणारं नव्हतं. उपाय राहिला एक, पाणी तोडायचं. दिवसभरात मोजकं, त्यातच चहा आणि आमटी.

घरी आल्यावर ते पाणी मागायला लागले. बाहेर उन्हाचा कहर. बाईंनी माठ शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला, न्हाणीघराला कुलूप घातलं. एक दिवस ते देवापुढच्या तांब्यातलं पाणी पिऊन गेले, तेव्हापासून बाईंनी देवापुढे पाणी ठेवणं बंद केलं.

कसबा पेठेतून बाईंची नणंद लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आली. "वहिनी, दादाला मीठ कमी पडतंय ना? रोज वाढत जा." मीठ कमी पडत नव्हतं, पाणी जास्त होत होतं. एरवी बाईंनी नणंदेला बसवून हे फळ्यावर काढून दाखवलं असतं. त्या म्हणाल्या, "ठेवा फ्रीजमध्ये."

बाई औषधं आणायला गेल्या की मी यजमानांपाशी बसायचे. एकदा त्यांनी मला हात जोडले. "तुम्ही शाळेतल्या ना? मग या बाईंना सांगा हो. घोटभर पाण्याने यांचं काय जाणार आहे?" डॉक्टरांनी चालेल म्हटलेला बर्फाचा खडा मी त्यांच्या जिभेवर ठेवला. तो विरघळेपर्यंत ते माझ्याकडे बघत राहिले. विरघळल्यावर म्हणाले, "आणि पाणी?"

ज्या दिवशी सोडियम जरा वर असायचं, त्या दिवशी ते बाईंना ओळखायचे. ते दिवस जास्त वाईट जायचे. "अगं, तू मला पाणी देत नाहीस?" असं ते अगदी शांतपणे विचारायचे. बाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहायच्या.

"मला सगळं कळतं हो," त्या एकदा तिथेच मला म्हणाल्या. "पाणी दिलं की आत काय होतं, पेशी कशा फुगतात, सगळं. कळत नसतं तर देऊन तरी मोकळी झाले असते."

मी कुकर लावला.

जूनमध्ये यजमानांना पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं. या वेळी मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. "घरी घेऊन जा. आता पथ्य नको. मागतील ते द्या."

बाईंनी घरी आल्या आल्या शेजारून माठ आणवला. ग्लास काठोकाठ भरला, त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना उचललं आणि ग्लास ओठांना लावला. "अहो, प्या. पाहिजे तेवढं प्या."

ते आता काही मागत नव्हते. पाणी ओठांवरून हनुवटीवर आलं, गळ्यावरून बनियनमध्ये गेलं. बाईंनी पदराने टिपलं आणि ग्लास परत लावला. "घ्या ना. आता चालतंय." त्यांनी ओठ मिटून मान वळवली.

"बाई, राहू द्या," मी म्हटलं. "थोड्या वेळाने बघू."

बाईंनी मान डोलावली, पण ग्लास खाली ठेवला नाही. त्या कॉटच्या कडेला तशाच बसल्या. संध्याकाळी मी दिवा लावायला उठले, तेव्हा यजमानांचा श्वास ऐकू येत नव्हता. बाईंनाही ते कळलं असणार. मी बटण दाबलं. बाईंनी ग्लास या हातातून त्या हातात घेतला आणि मोकळ्या हाताने त्यांचं ओलं बनियन सारखं करायला लागल्या.