गाठ तपासायला आलेल्या मुलाणी मॅडम

'घाबरू नका' असं मुलाणी मॅडम पेशंटला कधीच म्हणत नसत. मंचरच्या बाजारपेठेत त्यांची लहानशी लॅब होती. रक्त द्यायला आलेला माणूस चुळबुळ करू लागला की म्हणत, "भ्या की, पण हात हलवू नका." मूळच्या जुन्नरच्या. पुण्यातली सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची नोकरी सोडून इकडे आल्या. का, असं विचारलं की एकच उत्तर: "जंतू काय पुण्यातच ऱ्हातेत व्हय?"

चौऱ्याण्णव साली सुरतेतल्या प्लेगची बातमी टीव्हीवर आली आणि पाठोपाठ माझा थोरला भाऊ सोपानदादा तिथल्या कापड कारखान्यातून आमच्या गावी, महाळुंगे पडवळला आला. फणफणता ताप आणि जांघेत लिंबाएवढी गाठ. गावाने त्याला वेशीवरच अडवलं. "आमच्या आज्याच्या वक्ताला या गाठीनं घरंच्या घरं गेली," सरपंच मला म्हणाले. "गुरुजी, त्याला आत आणू नका." मी दादाला मळ्यातल्या रिकाम्या कांद्याच्या चाळीत निजवलं. गावाजवळचा एकही डॉक्टर यायला तयार होईना, तेव्हा मॅडमकडे गेलो.

"खोकला हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"चला मग."

सरकारी दवाखान्यात कळवून, तिथल्या डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन त्या माझ्या मोटारसायकलवर बसल्या. चाळीत मास्क आणि हातमोजे चढवून त्यांनी गाठीत सुई घातली, आतलं पाणी काढून घेतलं आणि लगेच गोळ्या सुरू केल्या. "रिपोर्टची वाट बघत बसलं आन खरंच प्लेग निघाला, तर माणूस हातचा जायचा." बाहेर आई रडत उभी होती. तिच्या तोंडावर त्यांनी स्वतः मास्क बांधला. "हा जंतू पिसवांतनं येतो, न्हाईतर खोकल्यातनं. लेकाला जेवू घाला, आई."

लॅबमध्ये त्यांनी स्लाइड रंगवली. प्लेगचा जंतू दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट दिसतो, मिटलेल्या सेफ्टी पिनेसारखा. त्या बराच वेळ शोधत राहिल्या. तसा एकही नव्हता. होते ते गोल, घोसाघोसाने, साध्या जखमेत पू करणारे. ही बातमी घेऊन मी गावाकडे पळायला उठलो.

"बसा, गुरुजी. दिसला न्हाई म्हणजे न्हाईच, असं नसतं. हा लई सावकाश वाढतो. पुण्याला नमुना धाडू, तिथं वाढवून बघतील."

दुसऱ्या दिवशी सरपंच माणसं घेऊन चाळीवर आले. दादाला तालुक्याबाहेर न्या, म्हणाले. मॅडम दारात खुर्ची टाकून बसल्या. "न्या. पण मला उचलून बाजूला ठेवा आदी." कोणी पुढे झालं नाही. त्यानंतर त्या रोज येत राहिल्या.

पुण्याच्या तपासणीतही प्लेग निघाला नाही. टाचेतली जखम चिघळून गाठ आली होती. मॅडम थेट ग्रामपंचायतीत गेल्या. "तुमी अडवलं, तुमीच आणा," त्यांनी सरपंचांना सांगितलं. सरपंच आले. त्यांनी दादाची पिशवी उचलली आणि त्याला घरापर्यंत सोडलं.

मॅडमना मंचरला सोडताना मी विचारलं, "आणि प्लेग निघाला असता तर?"

"तर काय? गोळ्या चालूच व्हत्या. मी बी आलेच असते रोज."

काही वर्षांनी त्या वारल्या, तेव्हा जुन्नरला मी पोचण्याआधी दादा पोचला होता. खांदा देऊन, मूठभर माती घालून तो बाजूला उभा राहिला. मॅडमच्या मुलाने त्याला विचारलं, "तुम्ही कोण?"

"त्यांचा पेशंट," दादा म्हणाला.