शेरू कितवा होता

मुलीने तिच्या फ्लॅटमध्ये काचेची नवी टाकी मांडली आहे. पाणी भरलंय, फिल्टर बुडबुडतोय, मासा मात्र एकही नाही. "बाबा, महिनाभर थांबायचं. घाण पचवणारे जिवाणू आधी वाढू द्यायचे," ती म्हणाली. ओल्या खड्यांचा आणि क्लोरीनचा वास नाकात गेला, आणि मी पंचवटीतल्या त्या जुन्या मासेवाल्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलो.

त्यानेही मला हेच सांगितलं होतं. मला वाटलं, उगाच फेऱ्या मारायला लावतोय. घासाघीस करून टाकी घेतली आणि त्याच दिवशी तिच्यात गोल्डफिश सोडले. काळ्या शेपटीचा एक होता, त्याला मी शेरू म्हणायचो. हाक मारली की काचेपाशी यायचा. काही आठवड्यांनी मुद्दाम दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "काय शेठ, तुमच्या जिवाणूंचं काय झालं? माझा एकही मासा मेला नाही."

तो हळूच म्हणाला, "साहेब, वहिनी कालच नवे घेऊन गेल्या. काळ्या शेपटीचाच पाहिजे म्हणाल्या."

गिऱ्हाइकं हसली. घरी बायको भाजी निवडत होती. "सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्याशी भांडायला गेला असता," ती म्हणाली. शेजारी बसलेल्या मुलीने मान खाली घातली, म्हणजे तिलाही माहीत होतं.

बाजारात मला कोणी फसवलेलं नाही. फसवलं ते घरच्यांनी.

आज त्या रिकाम्या टाकीसमोर मी मुलीला विचारलं, "मी रोज हाक मारायचो तो शेरू कितवा होता?"

"जाऊ द्या ना बाबा," ती म्हणाली आणि फिल्टरची नळी सरळ करू लागली.